सर्व्हो बदलला तरी एलेव्हेटर ढिलाच? आधी प्ले कुठे आहे ते शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रेडिओ कंट्रोलने उडणारं, दीड मीटर पंखांचं बाल्साचं (हलक्या लाकडाचं) हाय-विंग ट्रेनर, म्हणजे पंख वर असलेलं शिकाऊ मॉडेल विमान आहे, विजेच्या मोटरवर चालणारं. एलेव्हेटरची, म्हणजे नाक वरखाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या फळीची, मागची कड बोटांत धरून हलवली तर एकूण ३ मिलिमीटर हलते. उडताना नाक कधी वर जातं, कधी खाली, आणि ट्रिम (स्टिक सोडल्यावर विमान सरळ उडेल अशी जुळणी) काही बसत नाही. म्हणून तुम्ही एलेव्हेटर हलवणारा ९ ग्रॅमचा प्लास्टिक गिअरचा सर्व्हो (गिअरची छोटी मोटर) काढून मेटल गिअरचा घातला. काहीच फरक पडला नाही. आता विचारताय की डिजिटल सर्व्हो कोणता घेऊ. सोबत दिलेल्या मापांत लिहिलंय की पुशरॉड (सर्व्होपासून एलेव्हेटरपर्यंत जाणारी तार) सर्व्हो आर्मच्या, म्हणजे सर्व्होवर फिरणाऱ्या दांडीच्या, सगळ्यात बाहेरच्या भोकात आहे, म्हणजे केंद्रापासून १६ मिलिमीटरवर. हॉर्नला, म्हणजे एलेव्हेटरवरच्या उभ्या दांडीला, तो सगळ्यात आतल्या भोकात आहे, बिजागरापासून १० मिलिमीटरवर. एलेव्हेटर फार वळत होता म्हणून ट्रान्समीटरमध्ये ट्रॅव्हल (सर्व्होने किती फिरायचं ती मर्यादा) ३० टक्क्यांवर आणलंय.

तूर्त कोणताच सर्व्हो घेऊ नका. कोणता सर्व्हो चांगला हे नंतर बघू. ते ३ मिलिमीटर कुठून येताहेत हे आधी कळायला हवं. गाडीचं स्टेअरिंग हलत असेल तर चांगला मेकॅनिक एकाला स्टेअरिंग हलवायला सांगतो आणि स्वतः गाडीखाली जाऊन एकेक सांधा हाताने धरून बघतो. आपल्यालाही तेच करायचंय, फक्त सांधे लहान आहेत. सर्व्होच्या गिअरपासून एलेव्हेटरच्या कडेपर्यंत प्ले (सांध्यातला ढिलेपणा) येऊ शकतो अशा सात-आठ जागा असतात, आणि जवळजवळ नेहमीच दोन-तीन ठिकाणचा थोडाथोडा प्ले एकत्र होऊन हाताला लागतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. उडताना नाक वरखाली होण्याचं कारण प्लेच असेल असं नाही. गुरुत्वमध्य मागे गेला असेल तर सगळे सांधे घट्ट असूनही विमान तसंच वागतं. म्हणून बॅटरी जागेवर ठेवून पंखाखाली दोन बोटं लावून तोल बघा. अशा ट्रेनरला तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांत असायला हवा. तिथे गडबड असेल तर आधी ती काढा, मग पुढचं.

आता पहिली तपासणी: हे खरंच प्ले आहे की लवचिकता? हाताला दोन्ही सारखंच वाटतं, पण दोन्ही दोष वेगळे आहेत. रिसीव्हर चालू करा, स्टिक मध्यावर ठेवा. एलेव्हेटरच्या मागच्या कडेजवळ शेपटीला चिकटपट्टीने स्टीलपट्टी उभी लावा. मग एका बोटाने, अगदी पिसासारखं हलकं, कड वर ढकला. विनाप्रतिकार सरकून एका ठिकाणी स्पष्ट टेकली तर तेवढा प्ले. तिथून पुढे जोर लावल्यावर जितकं वाकतं आणि सोडल्यावर जितकं परत येतं ती लवचिकता. तुमचे ३ मिलिमीटर हलक्या बोटाचे आहेत की जोर लावून मोजलेले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळलं की अर्धं निदान झालं.

लवचिकता बहुधा पुशरॉडमध्ये असते. बारीक तार आधाराशिवाय लांब सोडली, किंवा तिची प्लास्टिकची नळी फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) फक्त दोन टोकांना चिकटवली, की ढकलताना तार धनुष्यासारखी वाकते. ओढताना मात्र सरळ राहते. म्हणून पुशरॉड ढकलल्यावर तुमचा एलेव्हेटर वर जातो की खाली, हे बघून ठेवा. वर जात असेल आणि तार वाकत असेल, तर जमिनीवर सगळं ठीक दिसेल, पण डाइव्हमधून नाक वर घेताना, वेग असताना, तुम्ही स्टिक पूर्ण ओढलेली असेल आणि एलेव्हेटर अर्धाच गेलेला असेल. हा दोष मला प्लेपेक्षा जास्त घाबरवतो. उपाय साधा आहे: नळीला दर १०-१५ सेंटिमीटरवर बाल्साचा तुकडा लावून फ्यूजलाजला पक्कं करा.

दुसरी तपासणी सांध्यांची. यात एकच नियम आहे. साखळीतला एक भाग पक्का धरायचा आणि त्याच्या पुढचं हलतं का ते बघायचं. एलेव्हेटरकडून सुरुवात करा. हॉर्न एलेव्हेटरला जिथे बसलाय तिथे तो दोन बोटांत धरा आणि दुसऱ्या हाताने कड हलवा. हॉर्न स्थिर आणि कड हलते, तर हॉर्नच्या बुडाशी बाल्सा दबलेला आहे. मऊ बाल्सावर स्क्रू आवळले की हे हमखास होतं. स्क्रू काढून भोकात आणि आसपास पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद) जिरवा, सुकल्यावर पुन्हा बसवा, आणि हॉर्नची पलीकडच्या बाजूची पट्टी विसरू नका. याच वेळी एलेव्हेटरचे डावा आणि उजवा असे दोन्ही भाग वेगवेगळे हलवून बघा. ट्रेनरमध्ये बहुतेकदा दोन्ही भाग एका वाकवलेल्या तारेने जोडलेले असतात. हॉर्न नसलेला भाग जास्त हलत असेल तर ती तार आत ढिली झालीय, आणि तिथे कितीही महागडा सर्व्हो लावून उपयोग नाही. बिजागरंही बघा. एलेव्हेटर पुढे-मागे, म्हणजे शेपटीपासून दूर ओढून जवळ ढकलता येतो का? येत असेल तर बिजागराची पकड सुटतेय, आणि ते प्लेपेक्षा तातडीचं आहे.

मग क्लेव्हिस, म्हणजे पुशरॉडच्या टोकाची पिनवाली चिमटी. इथे डोळ्यांपेक्षा नखावर भरवसा ठेवा. क्लेव्हिसची पिन आणि हॉर्नचं भोक यांच्या सांध्यावर अंगठ्याचं नख असं टेकवा की अर्धं नख पिनेवर आणि अर्धं हॉर्नवर राहील. खोलीतला पंखा बंद करा, शांतता असू द्या. कड हळूहळू वरखाली करा. पिन भोकात सरकत असेल तर नखाला ‘टक्’ लागतं, प्रत्येक वळणावर एकदा. डोळ्यांना ०.२ मिलिमीटर सहसा दिसत नाही, नखाला ते कळतं. तसंच नख क्लेव्हिस आणि पुशरॉडच्या आट्यांवर टेकवून बघा, मग सर्व्हो आर्मकडच्या टोकाला.

आट्यांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे हे वारंवार होतं. २ मिलिमीटरच्या मेट्रिक आट्या वेगळ्या आणि अमेरिकी किटमध्ये येणाऱ्या दोन-छप्पन्न आट्या वेगळ्या. दुसऱ्या प्रकारच्या आट्यांचा व्यास साधारण २.१८ मिलिमीटर असतो. तो क्लेव्हिस २ मिलिमीटरच्या रॉडवर सहज फिरतो, बसल्यासारखा वाटतो, आणि आत खुळखुळतो. जोराने ओढला तर सुटूनही येतो. सायकलच्या स्पोकचा पुशरॉड करणारे आपल्यात बरेच आहेत. स्पोक चांगलाच असतो, पण त्याच्या आट्यांवर कोणता क्लेव्हिस घट्ट बसतो ते हाताने ओढून पारखूनच वापरा. क्लेव्हिसवर इंधनाच्या सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा सरकवून ठेवावा म्हणजे तो उघडत नाही. पण नळीने प्ले जात नाही, तिचं काम वेगळं आहे.

आता सर्व्होकडे या. आधी सर्व्होची बॉडी बोटाने दाबून ठेवा आणि दुसऱ्याला कड हलवायला सांगा. बॉडी बोटाखाली डुलत असेल तर बसवण्यात दोष आहे. सर्व्होच्या स्क्रूंच्या भोकांत रबरी ग्रोमेट (गादी) आणि पितळी आयलेट (छोटी नळी) वापरले असतील तर आयलेटची रुंद बाजू खाली लाकडाकडे हवी. उलटी असेल तर ती लाकडाऐवजी रबरावर टेकते आणि स्क्रू कितीही आवळला तरी सर्व्हो डुलत राहतो. हॉट ग्लूने किंवा दुहेरी चिकटपट्टीने सर्व्हो चिकटवला असेल तर मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेलं विमान संध्याकाळी एकदा तपासाच. ग्लू मऊ पडतो, सर्व्हो किंचित सरकतो, आणि थंड झाल्यावर त्या नव्या जागीच घट्ट होतो. तेव्हा प्ले सापडत नाही, पण ट्रिम बदललेलं असतं. कॉलेजच्या मुलांच्या डेप्रॉनच्या (फोमच्या) विमानांत हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता ‘काल नीट उडालं, आज नाक खाली’ म्हटलं की मी आधी ग्लूच बघतो.

पुढे आर्म आणि सर्व्होचा दात्यांचा शाफ्ट. आर्मचा मधला स्क्रू घट्ट आहे ना ते बघा. मग आर्म त्याच सर्व्होचा आहे ना ते बघा, कारण सगळ्या कंपन्यांच्या शाफ्टचे दाते सारखे नसतात. मोठ्या सर्व्होंमध्ये फुटाबाचे २५, हायटेकचे २४, जेआरचे २३. चुकीचा नायलॉन आर्म जोर लावून बसतो, पण आतले दाते घासून गुळगुळीत होतात. तुम्ही सर्व्हो बदलताना जुनाच आर्म नव्यावर बसवला असेल तर ही शक्यता पक्की तपासा.

राहिले सर्व्होचे गिअर. क्लेव्हिस काढून आर्म मोकळा करा. त्यावर खराट्याचा एक हीर, केंद्रापासून १५ सेंटिमीटर लांब, चिकटपट्टीने लावा. खाली कागद, त्यावर पेन्सिलीची खूण. पॉवर चालू ठेवून आर्म बोटाने अगदी हलका दोन्हीकडे ढकला. हिराच्या टोकाला १.३ मिलिमीटर म्हणजे साधारण अर्धा अंश. छोट्या सर्व्होला तेवढा प्ले नवा असतानाही असू शकतो, त्यात बिघाड असा काही नाही. मेटल गिअर म्हणजे प्ले कमी असा समज आहे, तो माझ्या अनुभवाला उतरत नाही. मेटलचे दाते तुटत नाहीत पण हळूहळू झिजतात, आणि प्ले वाढत जातो. चांगले नायलॉनचे दाते बराच काळ घट्ट राहतात आणि मग एखाद्या आपटण्यात एक दात जातो. तुमच्यासारख्या शांत ट्रेनरला मी आजही चांगला प्लास्टिक गिअरचाच सर्व्हो लावतो.

याच हिरावर आणखी एक बघून घ्या. स्टिक पूर्ण वर नेऊन सोडा, टोकाची खूण करा. पूर्ण खाली नेऊन सोडा, खूण करा. दोन खुणा वेगळ्या आल्या तर सर्व्हो मध्यावर नीट परत येत नाही. स्वस्त ९ ग्रॅमच्या सर्व्होला १० मायक्रोसेकंदांचा डेडबँड असतो, म्हणजे जवळजवळ एक अंशाइतक्या बदलाकडे तो लक्षच देत नाही. आता क्लेव्हिस जोडून तीच तपासणी एलेव्हेटरच्या कडेवर करा. हिरावर फरक नगण्य पण कडेवर मोठा, तर सर्व्हो निर्दोष आहे आणि घर्षण वाटेत आहे: नळी वाकडी आहे किंवा बिजागर अडतंय. क्लेव्हिस काढल्यावर एलेव्हेटर स्वतःच्या वजनाने अलगद खाली पडला पाहिजे, आणि विमान उभं केलं की सुटा पुशरॉड नळीतून आपोआप घसरला पाहिजे. ट्रिम न बसण्यामागे प्लेइतकंच हे घर्षण असतं. आणि कोणी हात न लावता एलेव्हेटर थरथरत असेल, विशेषतः मध्याजवळ, तर तो प्ले नाही. बहुतेक वेळा सर्व्होतला पोटेन्शिओमीटर (आर्म कुठे आहे ते सर्व्होला कळवणारा भाग) मधोमध झिजलेला असतो. तिथे मात्र सर्व्हो बदलणं हा योग्य उपाय आहे.

एवढं सगळं तपासायचंच, पण तुमची मापं वाचताच मला मोठा दोषी दिसला होता, आणि तो कोणताच सुटा भाग नाही. तो भोकांची निवड आहे. जरा हिशेब करू. एलेव्हेटरची रुंदी तुम्ही ४५ मिलिमीटर दिली आहे. समजा सर्व्होत अर्धा अंश प्ले आहे, आणि पुशरॉडच्या दोन्ही टोकांचा मिळून ०.५ मिलिमीटर. आर्म १६ आणि हॉर्न १० असल्यामुळे सर्व्होचा अर्धा अंश एलेव्हेटरला ०.८ अंश होऊन पोहोचतो, कडेवर ०.६ मिलिमीटर. टोकांचा ०.५ मिलिमीटर फक्त १० मिलिमीटरच्या हॉर्नवर येतो, म्हणून कडेवर तो साडेचार पट होतो: २.२५ मिलिमीटर. बेरीज जवळजवळ २.९. तुमचे ३ मिलिमीटर इथेच भरले.

आता काहीही विकत न आणता पुशरॉड आर्मच्या आतल्या, १० मिलिमीटरच्या भोकात घाला, आणि हॉर्नच्या बाहेरच्या, समजा १८ मिलिमीटरच्या भोकात. ट्रॅव्हल पुन्हा १०० टक्के करा. १०० टक्क्यांना सर्व्हो साधारण ४५ अंश फिरतो असं धरलं तर एलेव्हेटर जवळजवळ २३ अंश वळेल. तुमच्या आताच्या मांडणीत तो २२ वळतोय, म्हणजे उडवताना हाताला फरक नाही. पण सर्व्होचा अर्धा अंश आता कडेवर ०.२ मिलिमीटर होतो, टोकांचा प्ले १.२५, बेरीज दीडच्या आत. प्ले निम्मा झाला. डेडबँडमुळे येणारी चूकही कडेवर १.१ वरून ०.४ मिलिमीटरवर येते. शिवाय सर्व्होला जोर कमी लावावा लागतो. ट्रान्समीटरमध्ये टक्के कमी करून हालचाल आवरली की आपण सर्व्होचा छोटासा तुकडा वापरतो आणि त्याच्या सगळ्या चुका मोठ्या करून घेतो. भोकं बदलून आवरली की त्या चुका लहान होतात. नवीन विमान जोडताना मी आधी हॉर्नच्या बाहेरच्या भोकापासून सुरुवात करतो आणि हालचाल कमी पडली तरच आत येतो. मात्र हॉर्नची भोकं बिजागराच्या रेषेच्या बरोबर वर आहेत ना ते बघा, पुढेमागे असतील तर वर आणि खाली वेगवेगळं वळेल.

उरलेला १.२५ भोकांचा आहे. नायलॉनच्या हॉर्नचं भोक मोठं झालं असेल तर सायनोने भरायच्या नादी लागू नका, नायलॉनला सायनो धड चिकटत नाही. हॉर्न बदला, आणि भोक पिनेच्या मापाच्या ड्रिलने बोटांत फिरवून पाडा. मशीन लावलं की भोक मोठं होतंच. प्लायच्या हॉर्नमध्ये मात्र पातळ सायनो जिरवून, सुकवून, पुन्हा ड्रिल फिरवलं तर भोक छान कडक होतं. सर्व्होच्या टोकाला झेड-बेंड (तारेला दिलेला Z आकाराचा वाक) किंवा घट्ट क्लेव्हिस ठेवा. स्क्रूने तार आवळायचा तो कनेक्टर एलेव्हेटरवर मी वापरत नाही. त्याच्या खालचा नट ढिला होतो, आर्मचं भोक झिजतं, आणि स्क्रू सुटला तर एलेव्हेटरच गेला. दोन्ही टोकं मिळून ०.२ मिलिमीटरवर आली की कडेवरचा एकूण प्ले ०.७ होतो.

०.७ चालेल का? तुमच्या विमानाला चालेल. हवेत दाब बहुतेक वेळ एलेव्हेटरला एका बाजूला टेकवून ठेवतो, म्हणून थोडा प्ले जाणवतही नाही. जाणवतो तो दाब शून्याजवळ असतो तेव्हा, म्हणजे नेमकं सरळ, ट्रिम केलेल्या उड्डाणात. तिथे एलेव्हेटर कधी या बाजूला टेकतो, कधी त्या. तुमचं नाक वरखाली होण्याचं एक कारण हेच असणार. मी अशा शांत ट्रेनरला कडेवर १ मिलिमीटरपर्यंत सोडून देतो. वेगवान लो-विंगला निम्माही नाही, आणि पातळ पंखांच्या वेगवान ग्लायडरला हाताला काहीच लागता कामा नये.

त्यामागे एक कारण आहे जे मी विसरू शकत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझं .४६ घन इंचाच्या ग्लो इंजिनाचं लो-विंग होतं. एलेरॉनच्या (पंखावरच्या हलत्या पट्टीच्या) आर्मचं भोक इंजिनाच्या थरथरीने लांबट झालं होतं. मला ते हाताला लागत होतं, आणि ‘या रविवारी उडवू, मग बदलू’ असं म्हणून मी उडवलं. उथळ डाइव्हमध्ये पत्र्यावर भुंगा अडकल्यासारखा आवाज आला. तो फ्लटर होता, म्हणजे वेगात हवेमुळे सुरू होणारी पट्टीची अनावर थरथर. दोन सेकंदांत उजवा एलेरॉन सुटून वेगळा पडला आणि विमान शेतात गेलं. कोणी जवळ नव्हतं हे नशीब. तसा आवाज आला तर लगेच थ्रॉटल बंद करा, नाक हळुवार वर घ्या, वेग मरू द्या, उतरवा आणि प्रत्येक बिजागर, हॉर्न, सर्व्हो उघडून बघितल्याशिवाय पुन्हा उडवू नका. वाचलेल्या विमानातही गिअर आणि बिजागरं मार खाल्लेली असतात.

तर तुम्ही आधी तोल बघा, मग भोकं बदला, मग हलक्या बोटाने पट्टीवर मोजा, आणि तरीही १ मिलिमीटरच्या वर असेल तर नख घेऊन एकेक सांध्यावर बसा. भोकं बदलल्यावर पुशरॉडची लांबी थोडी जुळवावी लागेल. ट्रान्समीटरचं ट्रिम शून्यावर ठेवून आर्म पुशरॉडला काटकोनात बसवा आणि क्लेव्हिस फिरवून एलेव्हेटर सरळ करा. पहिल्या उड्डाणाआधी एलेव्हेटर योग्य दिशेलाच वळतोय हे दोनदा बघा, कारण आर्म काढून लावताना तो विरुद्ध बाजूला बसवण्याची चूक सहज होते.

हे करून मला तीन आकडे कळवा: पॉवर चालू असताना कडेवरचा प्ले, पॉवर बंद असतानाचा प्ले, आणि हिराच्या टोकाचा प्ले. पॉवर बंद असताना मोजताना जोर अजिबात लावू नका, पहिल्या अडकावाला थांबा, नाहीतर कडेसोबत गिअरच फिरायला लागतील आणि आकडा खोटा येईल. हिराचा आकडा ३ मिलिमीटरच्या वर गेला तर नवा मेटल सर्व्होच खराब निघालाय, तो दुकानदाराला परत करा. खाली असेल तर डिजिटल सर्व्होचे पैसे वाचले, त्यात दोन चांगले हॉर्न आणि मापाच्या ड्रिल बिट घ्या.